सोंपलें

पणजीत आल्यावर मी पहिला कोंकणी शब्द शिकले तो 'सोंपलें'. जून २०२३ चा पहिला आठवडा. त्या वर्षी पाऊस लांबला होता, कपडे अंगाला चिकटत होते आणि मी पाटोवरच्या ऑफिसातून पूल ओलांडून शहरात जेवायला आले होते. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. पहिल्या हॉटेलात काउंटरवरचा माणूस नोटा मोजत होता, त्याने मान वर न करताच सांगितलं, "सोंपलें." दुसऱ्याचं शटर अर्ध्यावर आलेलं. तिसऱ्यात खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या आणि फरशीला फिनेलचा वास. चौथ्यात माणूस होता, पण तो बाकावर आडवा होऊन घोरत होता. शेवटी एका बेकरीतून पॅटिस घेतलं आणि दुकानाच्या पायरीवर उभ्याने खाल्लं.

मी सोलापूरची. आमच्याकडे दुपारी तीनला जेवण संपलं असेल, पण मग भजी असतात, चहा असतो, अगदीच नाही तर कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी कुणीतरी पुढे करतं. सगळं गावच झोपलंय हे मला नवीन होतं.

आले होते आठ महिन्यांसाठी. पुण्यातल्या आमच्या कंपनीच्या पणजी शाखेचे हिशेब तपासायचे होते. राहायची सोय मळा या पणजीतल्याच वस्तीत, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, काणकोणच्या एका मुलीबरोबर. खोलीत स्वयंपाकाला परवानगी नव्हती, फक्त चहाची किटली. जेवणाचा खर्च कंपनी देणार, महिन्याला नऊ हजारांपर्यंत, पण पक्क्या बिलावर. म्हटलं, झालं की काम! एका माणसाला नऊ हजार पुष्कळ झाले.

एकोणीस जूनला नऊ हजार संपले.

ते कसे संपले ते सांगते. फोनवरच्या ॲपमध्ये जी हॉटेलं दिसत होती तिथे मी जात होते किंवा तिथून मागवत होते. त्या सगळ्यांची मेन्यूकार्डं जुळ्या भावंडांसारखी. पनीरचे अकरा प्रकार, चाऊमीन, सिझलर आणि एका कोपऱ्यात 'गोवन स्पेशल'. नावं पन्नास, चवी तीन. लाल रस्सा, पांढरा रस्सा आणि सोया सॉस. शिवाय ॲपवरची किंमत हॉटेलातल्या किमतीपेक्षा जास्त, त्यावर पोचवण्याचे पैसे वेगळे. आणि याच पंधरवड्यात माझ्या हातून ते पापलेट घडलं.

मांडवीकाठचं एक बऱ्यापैकी हॉटेल. कार्डावर माशांच्या नावांपुढे किमतीच्या जागी 'एपीएस' लिहिलेलं. मला वाटलं, मसाल्याचा प्रकार असेल. पापलेट सांगितलं, भात सांगितला, सोलकढी सांगितली. पापलेट आलं ते पानावर मावत नव्हतं. बिलात पापलेट ९५०, भात १२०, सोलकढी ६०, वर पाच टक्के जीएसटी, एकूण ११८७ रुपये. 'एपीएस' म्हणजे 'ॲज पर साइज', माशाच्या आकारानुसार दर. वेटरने मासा आणून दाखवला नाही, मीही विचारलं नाही. हिशेब तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शाखेतल्या काकांना हे सांगितलं. काका डिचोलीचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. गोव्यातल्या पुष्कळ घरांत असतं तसं त्यांचंही, बोलायचं कोंकणीत आणि वाचायचं मराठीत. सकाळचा मराठी पेपर चौघडी करून त्यांच्या टेबलावर कायम. माझ्याशी ते मराठी बोलायचे, पण मधेच कोंकणीवर घसरायचे. पापलेटाचा किस्सा त्यांनी शांतपणे ऐकला आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "जून महिन्यात पापलेट? कोण खातं गो?"

मग त्यांनी समजावलं. १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ. त्या दिवसांत जे मोठं मासळं पानात येतं ते बहुतेक बर्फातलं किंवा परराज्यातून आलेलं, म्हणजे चव निम्मी आणि दर दुप्पट. स्थानिक माणूस या दिवसांत खाडीतला, नदीतला मासा बघतो, नाहीतर सरळ सुकटाकडे वळतो.

दुसरा प्रश्न त्यांनी विचारला, "आणि जेवायला जातेस किती वाजता?" कुठे जातेस हे त्यांनी विचारलंच नाही. "तीनच्या सुमाराला," मी म्हटलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

त्या दिवशी मी एक वही घातली. रकाने चार: वेळ, जागा, काय खाल्लं, किती पडले. 'वेळ' पहिला रकाना. आठ महिन्यांत त्या वहीची एकशे चाळीस पानं भरली.

सकाळपासून सुरुवात केली. मळ्यात साडेसहाच्या सुमाराला पोदेर, म्हणजे पाववाला, यायचा. सायकलला मागे मोठी टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. पों पों वाजला की घरमालकीणबाई वरून दोरीने पिशवी खाली सोडायच्या. पाव, कडक उंडो, कोंड्याची चपटी पोकळ पोळी आणि बांगडीसारखं कांकण. आपल्याकडची पोळी मागून इथे भलतंच हातात पडतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हा पाच रुपयांना मिळणारा गरम उंडो नुसता चहात बुडवून खाल्ला तरी दहापर्यंत भूक लागत नाही. पण नुसत्या उंड्यावर वही भरत नाही, म्हणून मी भाजी-पावाकडे वळले.

पणजीत भाजी-पाव कुठे खायचा असं विचारलं तर कुणीही कॅफे टाटो, कॅफे भोसले, कॅफे रिअल ही नावं सांगेल. मी तिन्हीकडे गेले आणि मग गल्ल्यांतल्या बिननावाच्या चार ठिकाणी. रीत सगळीकडे एकच. रिकामी खुर्ची दिसेल तिथे बसायचं, समोर अनोळखी माणूस जेवत असला तरी. पोरगा येऊन "कितें जाय?" विचारतो. त्या क्षणी तयार असावं लागतं, कारण तो दुसऱ्यांदा विचारायला थांबत नाही. पातळ भाजी म्हणजे सुक्या वाटाण्याचं, नारळाच्या वाटणातलं तोणाक. सुकी म्हणजे बटाट्याची. मिक्स म्हटलं की दोन्ही एकावर एक. शिवाय अळसांद्याचं, म्हणजे इथल्या चवळीचं, तोणाक, टॉमेट भाजी आणि गोड लागणारे जाड बन. बन आणि तिखट पातळ भाजी ही जोडी मला आधी विचित्र वाटली. आठवडाभरात तीच सवय झाली.

टॉमेट भाजी मात्र जुलैत पाटीवरून गायब झाली. त्या महिन्यात देशभर टोमॅटो शंभरीच्या पार गेला होता. काउंटरवरच्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, "बाये, टॉमेट आता सोनाराकडे मिळतात."

दोन पाव, मिक्स भाजी आणि चहा, तेव्हा साठच्या आत. पोट भरतं. पण साडेदहाच्या पुढे गेलात तर तोच शब्द, सोंपलें. पातळ भाजीचं पातेलं तळाला लागलं की ते दुसरं चढवत नाहीत. मला आधी याचा राग यायचा. गिऱ्हाईक दारात उभं असताना माल संपला म्हणायचं? सोलापुरी डोक्याला ते पटत नव्हतं. मग लक्षात आलं, आजची भाजी उद्याला शिळी उरत नाही म्हणूनच तर ती या दरात परवडते.

दुपारचं जेवण हा मोठा धडा. त्यात सगळ्यात आधी मला एका पाटीची भीती घालवावी लागली.

आमच्याकडे 'बार अँड रेस्टॉरंट' या पाटीतला पहिला शब्द दिसला की बाईमाणूस रस्त्याची बाजू बदलतं. पणजीत दर चार दुकानांमागे ही पाटी, आणि मी महिनाभर प्रत्येकीपुढून मान खाली घालून जात होते. काकांनी एक दिवस साडेबाराला मला आणि आमच्या शाखेतल्या दोघींना सांतिनेजच्या बाजूला अशाच एका पाटीखाली नेलं. आत काउंटरमागे बाटल्यांची रांग होतीच. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ छोट्या पेल्यात फेणी घेऊन खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर शाळेच्या गणवेशातली मुलगी आईबरोबर शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, जेवत होती. पलीकडे चार बँकवाल्या बायका. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नंतर मी तिथे एकटी किती वेळा जेवले, वहीत मोजता येईल.

वेटर विचारतो, "उकडें काय सुरय?" म्हणजे उकड्या तांदळाचा भात की पांढरा. पहिल्यांदा मी नुसती मान हलवली, तर उकडा आला. जाड, तांबूस, जरा चिवट. त्यावर पोरगा हुमणाचा, म्हणजे माशाच्या आमटीचा, पळा रिता करतो आणि स्टीलच्या ताटात जागा उरेल तिथे बाकीचं येतं. किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांची (कोळंबीची) नारळ घालून केलेली कोरडी कोशिंबीर. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, मिळाल्या तर. एक भाजी, लोणच्याची फोड, पेलाभर सोलकढी. आणि रव्यात घोळवून तळलेला मासा. हा मासा कुठला, यावर दर. बांगडा किंवा तारले असेल तर साधी थाळी, मला १६० पडायची. इसवण, म्हणजे सुरमई, हवी म्हटलं की शंभर वाढले. हे आधी विचारायचं असतं, आणि विचारलं तर कुणी कमी लेखत नाही. एपीएसने भाजल्यापासून मी विचारतेच.

पहिल्या दिवशी हुमणात काळपट, मिरीपेक्षा मोठे, फुटलेले दाणे दिसले. मी एक चावला. अर्ध्या मिनिटात जीभ बधिर, ओठांना मुंग्या, डोळ्यांत पाणी. मला वाटलं विषबाधा झाली. काका घास थांबवून हसत होते. "तेफळ ते! ते खायचं नसतं बाये, वास घ्यायचा आणि बाजूला काढायचं." बांगड्याच्या हुमणात ते हवंच, नाहीतर बांगड्याचा उग्रपणा जात नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ताटाच्या कडेला सात तेफळं ओळीने मांडलेली होती. माझ्या पानात सहा.

काटे काढायलाही त्यांनीच शिकवलं. बांगडा शेपटाकडून उचलायचा नाही. पाठीच्या मधल्या रेषेवर अंगठा दाबत नेला की मांसाचा अख्खा तुकडा सुटतो, मग कणा एका झटक्यात वर येतो. पहिले दहा दिवस मी एका बांगड्याला पंचवीस मिनिटं घेत होते आणि पोरगा टेबल पुसायला उभा असायचा.

३१ जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम, १८ जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक, ही थाळीची नावाजलेली ठिकाणं. रिट्झपुढे एक वाजता रांग असते, म्हणून काकांचा नियम बाराला पोचायचा किंवा दोननंतर जायचा. दोननंतर गेलं तर किसमूर संपलेलं असण्याची तयारी ठेवायची. मला स्वतःला नाव नसलेल्या ठिकाणांची थाळी जास्त आवडली, पण त्यात चवीपेक्षा ओळखीचा भाग जास्त असेल. तिसऱ्या आठवड्यात पोरगा न विचारता उकडा भात आणायला लागला होता, त्याचं मोल कसं लावणार?

मग वारांची भानगड. सोमवारी आणि गुरुवारी पुष्कळ हिंदू घरांत मासळी नसते, त्याला इथे 'शिवराक' म्हणतात. काही खानावळींत त्या दिवशी हुमणाचं पातेलं चढतच नाही. मला पहिल्या सोमवारी फसवल्यासारखं वाटलं. पण शिवराक थाळीत एक दिवस खतखतें आलं. पाच-सात भाज्यांचं, तूरडाळीचं, नारळ आणि तेफळ घातलेलं. त्यानंतर सोमवार माझ्या वहीत लाल शाईने लिहिला जायला लागला. दर साधा, आणि काटे काढायची कटकट नाही.

२०२३ मध्ये तर अधिक श्रावण होता. १८ जुलैपासून सुरू झाला तो निज श्रावण संपेपर्यंत, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दोन महिने. म्हणजे आधी मासेमारी बंद म्हणून मासा नाही, आणि बोटी सुटल्या तर खाणारे नाहीत. त्या दिवसांत मासळीच्या थाळ्यांची टेबलं अर्धी रिकामी. आमच्यासारख्यांची चैन झाली, बसायला जागा आणि तुकडाही जरा मोठा. १९ सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली आणि पुन्हा सोंपलें. इथे चवथ म्हणजे सगळं गाव आपापल्या मूळ घरी. रांदपी (स्वयंपाकी) गेला, पोरगे गेले, शटरं खाली. तीन दिवस मी उडप्याकडे मसाला डोसा खाऊन काढले. चौथ्या दिवशी काकांनी घरून पातोळ्या आणल्या. हळदीच्या पानात उकडलेल्या, आत नारळ-गूळ. त्या वहीत लिहिल्यात, 'किती पडले' रकान्यात आडवी रेघ.

साडेतीन ते सात हा मधला पट्टा. खानावळी बंद, गाडे यायचे असतात. बेकरीत पॅटिस, कटलेट पाव, कॅफेत मिरची-भजी आणि समोसा. याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, पोटाला आधार एवढंच.

सात वाजले की गाडे लागतात. माझा गाडा मळ्यापासून चालत दहा मिनिटांवर होता. मालक मध्यमवयाचा, गळ्यात क्रूस, बोलणं मोजकं. त्याचा मदतनीस ओडिशाचा पोरगा, पण गिऱ्हाइकांशी चक्क कोंकणीत भांडायचा. गाड्यावर एक तवा, एक झाकलेलं टोप आणि पावाची पिशवी. बस.

रोस ऑम्लेट तो असं करायचा. स्टीलच्या ग्लासात दोन अंडी फोडायची, त्यात चिमूटभर मीठ, कापलेला कांदा, मिरची, कोथिंबीर. चमच्याने ग्लासातच खडखड फेटायचं. तो आवाज रस्त्याच्या पलीकडून ऐकू यायचा. तव्यावर ओतलं की कडा आत दुमडून चौकोन करायचा. तो चौकोन ताटलीत पडला की टोपाचं झाकण निघायचं. आत चिकन शागुती, भाजलेल्या खोबऱ्याचा काळपट रंग, वर तेलाचा पातळ तवंग. पळा असा तिरका बुडवायचा की नुसता रस वर यावा, फोड चुकूनही येऊ नये. फोडींचे पैसे वेगळे! तो रस ऑम्लेटवर, त्यावर कच्चा कांदा, लिंबाची फोड, बाजूला दोन पाव. साठ रुपये. पाव बुडवून रस संपला की ताटली नुसती पुढे करायची. पहिल्यांदा रस फुकट. दुसऱ्यांदा केली की तो तुमच्याकडे बघतो, बोलत काहीच नाही.

एकदा माझ्या पळ्यात चुकून पंखाचा तुकडा आला. त्याने पाहिलं, मी पाहिलं. त्याने तुकडा उचलला नाही आणि मीही त्याबद्दल कधी बोलले नाही.

रविवारी पणजी मेल्यासारखी असते. बाजार बंद, बहुतेक कॅफे बंद, उघडी राहतात ती पर्यटकांसाठीची. पहिले तीन रविवार मी खोलीत बिस्किटांवर काढले. मग काणकोणच्या माझ्या सोबतिणीने फेरी दाखवली. पणजीच्या धक्क्यावरून बेतीची फेरीबोट सुटते, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. मांडवी ओलांडायची, धक्क्याजवळच्या साध्या खानावळीत बसायचं, खिडकीतून समोर पणजी बघत जेवायचं. ज्या नदीच्या देखाव्यासाठी अलीकडच्या काठावर ११८७ मोजले होते, तोच देखावा पलीकडून १५० रुपयांत, वर तळलेला बांगडा.

शुक्रवारी दुपारनंतर रजा टाकून दोनदा म्हापशाच्या बाजारात गेले. तिथे मीठ, मिरच्या, मोयऱ्याची लांबलचक केळी आणि दोऱ्यात ओवलेल्या चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या, माळा शेजारी शेजारी. माझी सोबतीण चोरीस पाव खायची. मी डुकराचं खात नाही, त्यामुळे चवीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण त्या व्हिनेगर-मिरचीचा वास परतीच्या बसमध्ये संपूर्ण रस्ताभर आमच्याबरोबर होता. पुढच्या बाकावरच्या माणसाने दोनदा मागे वळून बघितलं आणि तिसऱ्यांदा सरळ विचारलं, "कुणाकडून घेतला?"

म्हापशावरून आठवलं. गाड्यांवर गोबी मंचुरियन सगळीकडे असतं, जत्रेत तर ओळीने. लालभडक. मी ते दोनदा खाल्लं आणि दोनदा पोट धरून बसले. पुढे २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने रंग आणि अस्वच्छतेच्या कारणावरून गोबी मंचुरियनवर बंदी घातल्याची बातमी आली, तेव्हा लोक हसले. मी हसले नाही.

पणजीत मासळीपलीकडेही पुष्कळ आहे, फक्त ते एका रस्त्यावर मांडलेलं नाही. बांधकामावरच्या उत्तरेकडच्या मजुरांसाठी डाळ-भात-आलूची ताटं लागतात, साडेअकरा ते एक. ईशान्येकडच्या मुलांचे मोमो संध्याकाळी. बिर्याणी शुक्रवारी चांगली, इतर दिवशी बरी. ८ डिसेंबरला चर्चच्या फेस्ताला (सणाला) चौकात फेरी, म्हणजे जत्रा, भरते, तिथून आल्याचं, गुळाचं खाजें पुडीत घेतलं आणि तीन दिवस टेबलावर ठेवून खाल्लं. फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वस्तीतल्या रंगीत घरांतल्या जागा मी दोनदाच परवडवल्या. एकदा चिकन काफ्रियाल, एकदा काल्दो वेर्दे नावाचं हिरव्या पाल्याचं सूप. काफ्रियालच्या हिरव्या मसाल्यासाठी पुन्हा गेले असते. सूपाला माफी.

हे सगळं चालू असताना बिलांचं युद्धही चालू होतं. भाजी-पावाच्या ठिकाणी पोरगा ताटं उचलता उचलता काउंटरकडे ओरडतो, "पंचावन्न!" तेच बिल. एका कॅफेच्या मालकाला विनवून छापील बिल घेतलं, तर पुण्याहून मेल आला, 'यावर जीएसटी दिसत नाही, बिल ग्राह्य नाही.' मी उत्तर लिहिलं की हा कंपोझिशन योजनेतला व्यवसाय आहे, वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असली की हॉटेलवाला स्वतःच्या खिशातून पाच टक्के भरतो, गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, आणि बिलावर तसं छापलेलं आहे, वाचा. तीन मेल आणि एक फोन झाल्यावर १८० रुपये मंजूर झाले.

गाड्यावाल्याकडे बिल मागितलं तेव्हा त्याने माझ्याकडे दुसऱ्यांदा रस मागितल्यासारखं बघितलं. मग पावाच्या पिशवीचा कागद फाडला आणि रोमी लिपीत 'रोस ऑम्लेट, साठ' असं लिहून खाली सही ठोकली. कागदावर तेलाचा एक गोल डाग. तो कागद मी पुण्याला पाठवलाच. वरिष्ठांनी तो कौतुकाने सगळ्यांना दाखवला आणि नामंजूर केला.

जानेवारीअखेर काम संपलं. फेब्रुवारीत पुण्यात आठ महिन्यांचा एकत्रित हिशेब लागला. वहीप्रमाणे जुलैपासून माझा जेवणाचा खर्च महिन्याला सहा-साडेसहा हजारांवर आला होता, त्यातला निम्म्याहून जास्त बिनबिलाचा, म्हणजे माझ्याच खिशातून. रोस ऑम्लेट एकूण एकाहत्तर, सगळी नामंजूर. कॅफेची मोजकी बिलं मंजूर. बेतीची थाळी नामंजूर. लेखा विभागातल्या मुलीने यादी वाचता वाचता एका ओळीवर पेन टेकवलं, जीएसटी क्रमांक, तारीख, शिक्का, सगळं नीट तपासलं आणि म्हणाली, "हे एक बिल मात्र अगदी व्यवस्थित आहे, मॅडम."

पापलेट, ९५०. पूर्ण मंजूर.